‘एकदा नजर फिरव’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी गेली दोन वर्षे एका वरिष्ठ वकिलांच्या कार्यालयात ज्युनिअर म्हणून काम करते. पहिल्या वर्षी माझा दिवस मिसली, म्हणजे प्रकरणांच्या फायली, वाचण्यात, घटनांचा तारीखवार गोषवारा काढण्यात, निवाडे शोधण्यात आणि नोटिसांचे कच्चे मसुदे करण्यात जायचा. आठ महिन्यांपूर्वी कार्यालयाने एआयवर चालणारी एक प्रणाली घेतली. आता गोषवारा तीच काढते, निवाडे तीच सुचवते आणि मसुदाही तीच करते. सर मला त्याची प्रत देतात आणि म्हणतात, ‘एकदा नजर फिरव आणि पाठवून दे.’ समोर चाळीस पाने असतात, हाताशी अर्धा तास असतो आणि नेमके काय तपासायचे हेच मला कळत नाही. एक मित्र म्हणतो की दहा वर्षांत ज्युनिअर हा प्रकारच उरणार नाही, वेळीच दुसरे क्षेत्र बघ. एक मैत्रीण म्हणते की एआयला सूचना कशा द्यायच्या याचा अभ्यासक्रम कर. मी या व्यवसायात राहावे का? राहायचे असेल, तर माझी अडचण सरांना कशी सांगावी? त्यांना मी कामचुकार वाटेन, अशी भीती वाटते.
— एक ज्युनिअर

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘नेमके काय तपासायचे हेच मला कळत नाही’ हे वाक्य मी पुन्हा वाचले. तुमची खरी अडचण तिथे आहे. व्यवसायात राहावे की नाही हा प्रश्न तिच्या पाठोपाठ आलेला दिसतो. तपासणी म्हणजे कामाच्या शेवटी उरकायची किरकोळ बाब, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात एखादा मसुदा तपासता येतो तो अशा माणसाला, ज्याने तसे शेदोनशे मसुदे स्वतः लिहिलेले असतात, त्यांतले निम्मे चुकवलेले असतात आणि कोणीतरी ते त्याच्यासमोर दुरुस्त केलेले असतात. तुम्हाला तपासण्याचे काम मिळाले आहे, पण तपासण्याची दृष्टी ज्या कामातून येते ते काम मात्र काढून घेतले गेले आहे. एआयमुळे वकिली संपेल की टिकेल या चर्चेत हा मुद्दा फारसा ऐकू येत नाही, म्हणून त्याचेच उत्तर आधी देते.

मी दुसऱ्या वर्षाची ज्युनिअर असताना मला एका वादातला सगळा पत्रव्यवहार तारीखवार लावायला दिला होता. साधारण तीनशे पत्रे होती. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की एका पत्रावर घातलेली तारीख आणि त्याच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का यांत अकरा दिवसांचे अंतर आहे. पत्र मागाहून लिहून त्यावर आधीची तारीख टाकली असावी, अशी शंका तिथून निघाली आणि पुढे उलटतपासणीचा सगळा रोख त्या पाकिटावर राहिला. ही आठवण सांगताना हेही कबूल करायला हवे, की त्या तीन दिवसांतले अडीच दिवस मी निव्वळ कंटाळले होते आणि त्या कंटाळ्यातून काही शिकले असे म्हणता येणार नाही. ज्युनिअरचे सगळे राबणे म्हणजे शिक्षण, हे वरिष्ठांनी स्वतःच्या सोयीसाठी पसरवलेले मत आहे. पण त्या राबण्यात शिक्षणाचा काही अंश होता हे खरे, आणि आज अडचण अशी आहे की यंत्राने कंटाळा आणि शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी उचलून नेल्या आहेत.

आता तुमच्या मित्राच्या भाकिताविषयी. वकिलीच्या कामात साधने शिरण्याची गती पाहिली, तर दहा वर्षांचा हिशेब इतक्या ठामपणे मांडता येत नाही. एखादा निवाडा पुढे कोणत्या खटल्यांत मान्य झाला किंवा नाकारला गेला, याच्या नोंदी गोंद लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापून विकण्याचा उद्योग फ्रँक शेपर्ड यांनी 1873 मध्ये अमेरिकेत सुरू केला. वकील त्या चिठ्ठ्या निवाड्यांच्या ग्रंथांत समासात चिकटवत असत. बरोबर शंभर वर्षांनी, 1973 मध्ये, लेक्सिस ही संगणकावर निवाडे शोधण्याची सेवा व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली, तीही खास तिच्यासाठी बनवलेल्या टर्मिनलवर. ती सर्वांच्या मेजावर पोहोचायला पुढे कित्येक वर्षे गेली. फेब्रुवारी 2012 मध्ये न्यूयॉर्कमधील न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी सुमारे 30 लाख ईमेल असलेल्या एका प्रकरणात, संबंधित कागद निवडण्यासाठी संगणकाच्या अनुमानावर आधारित पद्धत वापरणे मान्य होण्याजोगे आहे असा निर्णय दिला. तोवर हे काम कनिष्ठ वकिलांच्या तुकड्या पान उलटत करत असत. त्या तुकड्या लहान झाल्या, पण ज्या प्रकरणांत पूर्वी काही हजार कागद असायचे तिथे आता लाखो येऊ लागले, त्यामुळे यंत्राने काय निवडले आणि काय गाळले यावर वाद घालण्याचे एक नवेच काम तयार झाले.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून जे घडते आहे ते याच क्रमातले असले, तरी एका बाबतीत निराळे आहे. आधीची साधने शोधून देत होती. हे साधन लिहून देते. शोधून दिलेल्या गोष्टीचे वाचन करणे भाग असते. लिहून दिलेली गोष्ट वाचल्यासारखी वाटते, कारण ती सुबक असते. मार्च 2023 मध्ये जीपीटी-4ने वकिलीच्या परीक्षेत वरच्या 10 टक्क्यांत गुण मिळवल्याचे जाहीर झाले होते. पुढच्या फेरतपासणीत ते स्थान बरेच खाली आले, पण माझ्या दृष्टीने त्या वादाला फार महत्त्व नाही. परीक्षेतल्या प्रश्नात सर्व तथ्ये दिलेली असतात. अशील आपल्यासमोर बसतो तेव्हा निम्मी तथ्ये तो विसरलेला असतो आणि उरलेल्यांपैकी जी त्याच्या विरोधात जातात ती सांगत नाही.

तेव्हा ‘नजर फिरवणे’ म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. साठ पानांचा पुरवठ्याचा करारनामा आहे असे समजा. प्रणालीने गोषवाऱ्यात लिहिले आहे : ‘कोणत्याही पक्षास 30 दिवसांची पूर्वसूचना देऊन करार संपुष्टात आणता येईल.’ तुम्ही कलम 9 उघडता, तिथे हेच आहे, तुम्ही बरोबरची खूण करता आणि पुढे जाता. परंतु कलम 22 असे आहे : ‘कलम 9 मध्ये काहीही अंतर्भूत असले तरी, परिशिष्ट क मधील यंत्रसामग्री बसवण्याचे काम सुरू झाल्यानंतर 180 दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय पुरवठादारास करार संपुष्टात आणता येणार नाही.’ आणि व्याख्यांच्या कलमात ‘पूर्वसूचनेचा दिनांक’ म्हणजे सूचना पाठवल्याचा नव्हे, तर ती समोरच्या पक्षाला मिळाल्याचा दिनांक असे म्हटलेले आहे. आपला अशील पुरवठादार असेल, यंत्रसामग्री बसवायला सुरुवात झाली असेल आणि त्याने गोषवाऱ्यावर विसंबून 31व्या दिवशी पुरवठा थांबवला, तर करारभंग त्याचा ठरेल. गोषवाऱ्यातले ते वाक्य कलम 9पुरते अक्षरशः खरे होते. चूक त्या वाक्यात शोधून सापडली नसती. जे वाक्य गोषवाऱ्यात आलेच नाही, तिथे ती होती.

म्हणून क्रम उलटा करा. प्रणालीचा मजकूर आधी वाचू नका. मूळ कागद हातात घ्या आणि आधी व्याख्या, मग ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ किंवा ‘च्या अधीन राहून’ अशा शब्दांनी सुरू होणारी कलमे, मग परिशिष्टे आणि शेवटी सर्व मुदती, एवढेच वाचा. साठ पानांतली ही पाने बहुधा पंधरा-वीसच भरतात. स्वतःच्या हाताने पाच ओळी लिहा : कोण कोणाला काय देणे लागतो, कधीपर्यंत, काय झाले तर सुटका आहे आणि काय झाले तर नाही. त्यानंतर प्रणालीचा गोषवारा उघडा आणि तुमच्या पाच ओळींशी ताडून पाहा. यंत्राचे उत्तर एकदा डोळ्यांखालून गेले की आपले डोळे त्याला दुजोरा देणारी कलमेच शोधतात, हा अनुभव तुम्ही घेतला असेलच. काही वेळा यंत्राने तुमच्यापेक्षा अधिक पाहिलेले असेल. ते मान्य करून नोंदवून ठेवा, कारण आपण काय गाळतो हे कळणे हाही अभ्यासच आहे.

निवाड्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागेल. 2023 चे ‘माता विरुद्ध अव्हियान्का’ हे प्रकरण तुम्ही ऐकले असेल. विमानात खाद्यपदार्थांची ढकलगाडी गुडघ्याला लागून इजा झाल्याच्या साध्या दाव्यात, न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे अस्तित्वातच नसलेले सहा निवाडे मांडले गेले. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी संबंधित वकिलांना व त्यांच्या फर्मला 5,000 डॉलरचा दंड केला. या प्रकरणाची गंमत म्हणून आठवण काढली जाते. मला मात्र त्यातला एक बारकावा तुमच्या पत्रामुळे पुन्हा आठवला. संशोधन एका वकिलाने केले होते आणि सही दुसऱ्याची होती. सही करणाऱ्याने मसुदा भाषेच्या अंगाने वाचला होता, पण त्यातला एकही निवाडा उघडून पाहिला नव्हता. म्हणजे त्याने नजर फिरवली होती.

निव्वळ काल्पनिक निवाडे हा प्रकार मात्र पकडायला सोपा आहे, कारण ते उघडायला गेले की सापडतच नाहीत. कायद्यासाठी खास बनवलेल्या प्रणाली आधी खऱ्या निवाड्यांच्या संग्रहातून मजकूर आणतात आणि मग उत्तर रचतात, त्यामुळे त्यांत हा दोष पुष्कळ कमी होतो. तरीही स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2024 मध्ये अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा सहा प्रश्नांमागे किमान एकदा तरी उत्तर चुकीचे किंवा दिलेल्या आधाराशी न जुळणारे निघाले. यातला धोकादायक भाग असा, की निवाडा खरा असतो, त्यातले वाक्यही खरे असते, पण ते वाक्य न्यायालयाचे नसते. निवाड्यात पक्षकाराच्या वकिलाचा युक्तिवाद तपशिलाने दिलेला असतो, खालच्या न्यायालयाचे म्हणणे असते, असहमत न्यायाधीशांचे मत असते आणि यंत्र यांतले कोणतेही वाक्य उचलून ‘न्यायालयाने असे म्हटले’ म्हणून मांडू शकते. तेव्हा निवाडा आहे की नाही एवढे पाहून थांबू नका. त्या परिच्छेदापर्यंत जा, तिथे कोण बोलत आहे ते पाहा, त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचा आणि त्या खटल्यातील तथ्ये आपल्या तथ्यांशी कुठे जुळत नाहीत ते एका वाक्यात लिहा. विरुद्ध बाजूचा वकील उद्या नेमके तेच वाक्य बोलणार आहे.

हे सर्व अर्ध्या तासात होणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता तुमच्या सरांविषयी.

वरिष्ठांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्यावरही दडपण आहे. जे काम पूर्वी दोन दिवसांचे होते ते यंत्र दहा मिनिटांत करते, हे अशिलांना कळलेले आहे. कित्येक अशील तर स्वतःच एआयकडून मसुदा करून आणतात आणि ‘फक्त बघून द्या’ म्हणतात. जिथे तासांवर फी आकारली जाते तिथे हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै 2024 मध्ये दिलेल्या औपचारिक मतात स्पष्ट म्हटले आहे, की एआयने वाचवलेला वेळ अशिलाच्या माथी मारता येणार नाही. फी प्रत्यक्ष लागलेल्या वेळाचीच घ्यावी. त्याच मतात ही फी घेता येणाऱ्या वेळात यंत्राचे उत्तर तपासण्याचा वेळही धरलेला आहे, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माझा अंदाज असा आहे, की फीचे गणित हळूहळू लिहिण्यावरून तपासण्याकडे सरकेल आणि ‘अर्ध्या तासात नजर फिरव’ म्हणणाऱ्या कार्यालयांना ते उशिरा उमगेल. तुमचे सर दुष्ट आहेत असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांना स्वतःला तीस सेकंदांत चूक दिसते, म्हणून ती तुम्हालाही दिसेल असे त्यांनी गृहीत धरले आहे.

त्यांच्याशी बोलताना ‘माझे काम यंत्राने घेतले’ असे म्हणू नका, ‘मला शिकायला मिळत नाही’ असेही म्हणू नका. दोन्ही खरे असले, तरी ऐकणाऱ्याला ते गाऱ्हाणे वाटते. त्यांना धोका दाखवा. जून 2025 मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात डेम व्हिक्टोरिया शार्प यांच्या पीठाने खोट्या निवाड्यांची दोन प्रकरणे एकत्र ऐकली. एकात दिलेल्या 45 निवाड्यांपैकी 18 अस्तित्वातच नव्हते आणि ते शोधून आणले होते खुद्द अशिलाने. वकिलाने ते न तपासता पुढे केले. दुसऱ्यात खोटे दाखले देणारी बॅरिस्टर अगदी नवखी होती. तिला नियामक संस्थेकडे पाठवण्यात आलेच, पण न्यायालयाने तिला प्रशिक्षण देणाऱ्यांच्या आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांच्या जबाबदारीचाही प्रश्न उपस्थित केला आणि वकिलांच्या कार्यालयांच्या प्रमुखांनी प्रत्यक्ष उपाय योजावेत अशी अपेक्षा व्यक्त केली. हा निवाडा छापून त्यांच्या मेजावर ठेवा. नुसता एआयकडून काढलेला गोषवारा ठेवू नका, हे सांगायला नकोच.

मग नेमकी मागणी करा. आठवड्यातून एका प्रकरणात पहिला मसुदा मी करीन, प्रणालीचा मसुदा नंतर काढू आणि दोन्ही तुम्ही माझ्यासमोर वीस मिनिटे पाहावेत, एवढेच मागा. सोबत आठ महिन्यांतली एखादी खरी चूक घेऊन जा, म्हणजे कलम 22सारखी, जी तुम्हाला मूळ कागद वाचल्यामुळे सापडली. अशी चूक अजून सापडलेली नसेल, तर पुढचे दोन आठवडे घरी वेळ काढून वरचा उलटा क्रम एक-दोन प्रकरणांत वापरून पाहा; सापडेल. कागद कार्यालयाबाहेर नेण्यास परवानगी लागते हे विसरू नका, आणि अशिलाचा कोणताही मजकूर स्वतःच्या फोनवरच्या फुकट एआयमध्ये घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. तिथे घातलेला मजकूर कुठे साठवला जातो आणि कोणत्या प्रशिक्षणासाठी वापरला जातो, यावर तुमचे नियंत्रण राहत नाही, आणि गुप्ततेची जबाबदारी मात्र तुमच्याकडेच राहते.

मैत्रिणीने सुचवलेला अभ्यासक्रम करायला हरकत नाही, पण त्यावर वर्ष घालवू नका. सूचना देण्याच्या युक्त्या दर काही महिन्यांनी शिळ्या होतात, आणि चांगली सूचना देण्यासाठी जे लागते ते वकिलीतच शिकायला मिळते : वादाचा मुद्दा कोणता, कोणते तथ्य निर्णायक आणि समोरचा काय म्हणेल. त्याऐवजी मिळेल तेव्हा अशिलाच्या पहिल्या भेटीला सरांबरोबर बसा. कोणता प्रश्न विचारल्यावर माणूस थांबतो, कोणत्या कागदाचा उल्लेख निघाला की विषय बदलतो, दावा लावूच नये हे त्याला कसे सांगितले जाते, हे पाहा. गोषवारे काढण्यात अडकल्यामुळे आमच्या पिढीतल्या ज्युनिअरना या खोलीत फार उशिरा प्रवेश मिळाला. तुमचा वाचलेला वेळ त्या खोलीत गेला, तर या बदलातून तुम्हाला आमच्यापेक्षा अधिक मिळेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

व्यवसाय सोडू नका. सरांशी बोलल्यावर सहा महिने थांबा. त्या काळात एकही मूळ मिसल तुमच्या हाती आली नाही आणि तुमचा एकही मसुदा कोणी तुमच्यासमोर दुरुस्त केला नाही, तर कार्यालय बदला. नव्या ठिकाणी मुलाखतीला जाल तेव्हा कोणती प्रणाली वापरता हे विचारू नका. ज्युनिअरच्या मसुद्यावर दुरुस्त्या कोण करते आणि त्या करताना ज्युनिअर समोर बसलेला असतो का, हे विचारा.